आकडे शाबूत, ग्राफ गायब: अपडेटनंतर या चुका टाळा

गणपती बसायला आठवडा असताना मी आमच्या मंडळाच्या वेबसाइटचं पीएचपी (सर्व्हरवर साइट चालवणारी भाषा) 7.4 वरून 8.1 वर नेलं. रात्री अकरानंतर, शांतपणे. (इंदूर त्या वेळी झोपत नाही, सराफ्याच्या खाऊगल्लीत खात असतं. पण मंडळाची साइट तेव्हा कोणी उघडत नाही.) सकाळी पोह्यांची प्लेट हातात आली आणि चिटणीस काकांचा फोन वाजला. "अरे, साइटवर कोणी फिरकतच नाही का आता? ग्राफ अख्खा कोरा आहे!"

साइट ठणठणीत होती. भेटी मोजल्याही जात होत्या. फक्त आकडेवारीच्या पानावर जिथे रोजचे खांब उभे असायचे, तिथे फाटक्या चित्राची ती चिमुकली खूण बसली होती.

कोरा ग्राफ म्हणजे आकडे गेले, असं धरून चालणं ही पहिली चूक. बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातून येतात. भेट नोंदवणं, नोंदींचा हिशोब लावणं आणि हिशोबाचं चित्र काढणं ही तीन निराळी कामं आहेत. अपडेटनंतर बहुधा तिसरं अडतं. म्हणून आधी ग्राफच्या खालचा तक्ता बघा. त्यात कालचे आकडे असतील तर चहा घ्या, घाई नाही. तक्ताही अपडेटच्या दिवशीच थांबला असेल तर चित्राच्या मागे लागू नका, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) बघा. रात्री हिशोब लावणारी ओळ बऱ्याचदा जुन्या पीएचपीचा किंवा पर्ल या दुसऱ्या भाषेचा पत्ता धरून बसलेली असते आणि तो पत्ता आता रिकामा असतो.

डेटाचं फोल्डर उडवून "नव्याने सुरू" करू नका

हे मी स्वतः केलंय, काही वर्षांपूर्वी, एका ओळखीच्यांच्या साइटवर. एडब्ल्यूस्टॅट्स या भेटी मोजणाऱ्या प्रोग्रॅमचे ग्राफ दिसेनात, तर वाटलं डेटा बिघडला असेल. महिन्यामहिन्याच्या फायली काढल्या आणि म्हटलं, लॉगवरून (सर्व्हरच्या कच्च्या नोंदींवरून) परत बनवू. पण डेबियन आणि उबंटू या लिनक्स प्रणालींवर अपाचे या वेब सर्व्हरचे लॉग मूळ मांडणीत रोज फिरतात (रोज नवी फाइल सुरू होते) आणि जुने 14 च ठेवले जातात. हाती आले दोन आठवडे. मागची वर्षं गेली ती गेली.

आणि बिघाड काय होता? एडब्ल्यूस्टॅट्सचे खांब म्हणजे खरं तर रंगाची इवलीशी चित्रं, हवी तेवढी ताणून उभी केलेली. ती आयकॉनच्या फोल्डरात असतात. सर्व्हर बदलताना त्या फोल्डरचा एलियस (वेबपत्ता फोल्डरशी जोडणारी ओळ) सुटला होता. आकडे सगळे जागेवर, खांब तेवढे नाहीत, असं दिसलं तर हाच संशय आधी घ्या. एका खांबाच्या जागी उजवं क्लिक करून चित्र वेगळ्या टॅबमध्ये उघडा. 404 आला तर पत्ता चुकलाय, 403 आला तर परवानगी. दोन मिनिटांचं काम.

फाटक्या चित्रावर रिफ्रेश मारत बसू नका

काकांच्या ग्राफकडे परत येतो. फाटक्या चित्राची खूण म्हणजे ग्राफ सर्व्हरवर तयार होत होता, आमच्याकडे पीएचपीच्या जीडी या चित्रं काढणाऱ्या भागाने. इथे सर्वांत आधी पाहायचं ते हे, की नव्या आवृत्तीसाठी जीडी बसवलंय का. उबंटूवर ते प्रत्येक आवृत्तीचं वेगळं पॅकेज असतं; 7.4 चं 8.1 ला चालत नाही. आमच्याकडे ते होतं, तरी चित्र नाही.

मग मी ती फाटकी इमेज तशीच सेव्ह केली आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. धड पीएनजी फाइल असेल तर पहिल्याच ओळीत, एका विचित्र चिन्हामागे, पीएनजी ही तीन अक्षरं दिसतात. इथे त्यांच्याआधी चांगला वाचता येणारा मजकूर होता: "डेप्रिकेटेड" (ही पद्धत पुढे बंद होणार), आणि पुढे अपूर्णांकाचा पूर्णांक करताना अचूकपणा जातोय अशी तक्रार. ग्राफच्या कोडमध्ये खांबाची रुंदी भागाकाराने काढलेली असते, ती 13.4 पिक्सेल वगैरे निघते आणि तशीच जीडीला दिली जाते. 8.1 च्या आधी पीएचपी मुकाट्याने तुकडा छाटायचं. 8.1 बोलून दाखवतं, आणि ते बोलणं चित्राच्या बाइट्समध्येच मिसळतं. ब्राउझरला ना चित्र मिळतं, ना धड मजकूर.

उपाय दोन. सर्व्हरवर डिस्प्ले एरर्स (चुका पानावर दाखवणं) बंद आणि लॉग एरर्स (चुका लॉगमध्ये लिहिणं) चालू. चालू साइटवर हे असंच असायला हवं होतं, माझंच चुकलं. आणि कोडमध्ये जिथे जिथे भागाकार आहे तिथे राउंड करून पूर्णांक घ्यायचा. नुसता पहिला उपाय करून थांबलात तर ग्राफ आज परत येईल, पण लॉग तक्रारींनी भरत राहील.

याचीच एक चुलत बहीण आहे. पीएचपी 8.0 पासून जीडी चित्रासाठी रिसोर्स (जुन्या प्रकारचा दुवा) देत नाही, ऑब्जेक्ट (नव्या प्रकारची वस्तू) देतं. ग्राफच्या जुन्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) "हे रिसोर्स आहे का?" अशी तपासणी असेल तर उत्तर "नाही" येतं आणि कोड चित्र न काढताच परत फिरतो. कधी कधी साधी एररसुद्धा दिसत नाही. इथे लायब्ररीची नवी आवृत्ती घेण्याला पर्याय नाही.

रिकामी चौकट दिसली तर सर्व्हरला दोष देऊ नका

खूण नाही, नुसती पांढरी जागा, असं असेल तर ग्राफ बहुतेक ब्राउझरमध्ये बनतोय. एफ 12 दाबा, उघडलेल्या खिडकीतल्या कन्सोलमधली पहिली लाल ओळ वाचा. पहिलीच; खालच्या दहा तिची पिल्लं असतात. चार्ट जेएस ही ब्राउझरमध्ये ग्राफ काढणारी लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीवरून तिसऱ्यावर गेली (2021) तेव्हा अक्षांची मांडणी लिहायची पद्धत बदलली आणि आडव्या खांबांचा वेगळा प्रकारच काढून टाकला. जुना कोड तिथे अडतो.

लाल ओळ नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकत्र दाबा. पान नवं आणि स्क्रिप्ट जुनी अशी जोडी कॅशमुळे (ब्राउझरने साठवलेल्या प्रतींमुळे) जमते. तरीही नाही? जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन बंद करून बघा. पत्त्यात स्टॅट्स किंवा अॅनालिटिक्स असं काही दिसलं की ती मंडळी फाइलच रोखतात. अपडेटमध्ये फोल्डरचं नाव बदललं असेल तर कालपर्यंत चाललेलं आज अडतं.

777 (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊ नका

अपडेट रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवलं की कॅशच्या आणि तात्पुरत्या फायली रूटच्या नावावर होतात आणि वेब सर्व्हरला तिथे लिहिता येत नाही. मालकी त्याला परत द्या, बस. फोल्डर सगळ्यांना उघडं टाकणं म्हणजे किल्ली हरवली म्हणून दारच काढून ठेवणं.

काही ग्राफ मात्र दुरुस्तीच्या पलीकडचे असतात. भेटी मोजणाऱ्या गूगलच्या जुन्या युनिव्हर्सल अॅनालिटिक्सने 1 जुलै 2023 पासून साध्या खात्यांची नवी नोंद घेणं थांबवलं. त्याच्यावर चालणारा प्लगइन कितीही अपडेट करा, रेघ पुढे सरकणार नाही. फ्लॅश या जुन्या तंत्रावर काढलेले तर 12 जानेवारी 2021 पासून अडवलेलेच आहेत.

आमचा ग्राफ दुपारपर्यंत परत आला. काका पुन्हा नाराज. अनंत चतुर्दशीला झांक्यांची (देखाव्यांच्या मिरवणुकीची) वेळ बघायला साइटवर झुंबड उडते. गेल्या वर्षीचा तो एक खांब इतका उंच, की बाकीचा महिना जमिनीला चिकटलेला. "हे बाकीचे दिवस दिसतच नाहीत रे," म्हणाले. "तेही अपडेटमुळेच का?"