मदरबोर्डवर पॉवर कुठपर्यंत पोचतेय, मल्टीमीटरने कसं बघायचं

पीसी चालू होत नाही म्हटलं की लोक थेट बोर्ड बदलायला निघतात, पण आधी पॉवर कुठे अडकलीय ते बघा ना, दहा मिनिटांचं काम आहे. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि काळी प्रोब केबिनेटच्या उघड्या स्क्रूला लावा. एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला पॉवर देणारा डबा मात्र उघडायचा नाही, आत मेन्सचा करंट असतो आणि वायर काढली तरी कपॅसिटर चार्ज राहतो.

पहिलं म्हणजे एसएमपीएसकडून बोर्डला येणाऱ्या २४ पिनच्या कनेक्टरमध्ये मागून, वायरच्या बाजूने, जांभळ्या वायरला लाल प्रोब लावा. पीसी बंद असला तरी इथे ५ व्होल्ट पाहिजेत, हे स्टँडबाय, नसेल तर एसएमपीएस गेला समजा. मग हिरवी वायर, तिच्यावर व्होल्टेज दिसतं आणि बटण दाबलं की बोर्ड ते शून्यावर खेचतो, तोच एसएमपीएसला चालू हो म्हणायचा इशारा. तो आला की पिवळी १२, लाल ५, केशरी ३.३, पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ च्या जागी ११.४ पर्यंत ठीक. सगळं जागेवर आलं की राखाडी वायरवर ५ च्या आसपास येतात, त्याशिवाय सीपीयू उठतच नाही.

आता खरी गंमत सीपीयूजवळच्या व्हीआरएमची, म्हणजे १२ व्होल्ट उतरवून सीपीयूला देणाऱ्या सर्किटची. सीपीयूला साधारण एकच व्होल्ट लागतो पण करंट प्रचंड, १.२ व्होल्टला १०० अँपिअर म्हणजे १२० वॉट, तेच १२ व्होल्टवर जेमतेम १० अँपिअर, म्हणून सीपीयूच्या वेगळ्या ८ पिनच्या कनेक्टरमधून १२ व्होल्ट आणायचे आणि सॉकेटच्या अगदी शेजारी उतरवायचे. मॉस्फेट, म्हणजे स्विचचं काम करणारे ट्रान्झिस्टर, सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात, ते चौकोनी राखाडी ठोकळे म्हणजे चोक (कॉइल) आणि बाजूचे कपॅसिटर मिळून ते तुटक व्होल्टेज सपाट करतात. पीसी चालू ठेवून चोकच्या पायाला लाल प्रोब लावली की एकच्या आसपास दिसेल, एखाद्यावर १२ दिसले तर घाबरू नका, तो इनपुटचा चोक. हात मात्र स्थिर ठेवा, प्रोब घसरून दोन पाय जोडले गेले की बोर्ड खरंच गेला!

पॉवर काढून ओहम बघताना मी पहिल्यांदा फसलो होतो, चोकवर जेमतेम १ ओहम आला आणि शॉर्ट समजून चांगला बोर्ड बाजूला टाकला. सीपीयू बसवलेला असताना तिथे एवढं कमी येणं नॉर्मलच आहे. ८ पिनच्या १२ व्होल्टवर जवळपास शून्य आला तर मात्र मॉस्फेट शॉर्ट असायची दाट शक्यता, मग पुन्हा पॉवर देऊ नका.