गेम बॉयच्या पडद्यावरच्या गायब रेघा परत आणताना

निन्टेन्डोच्या पहिल्या गेम बॉयचा, म्हणजे हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेम यंत्राचा (मॉडेल डीएमजी-०१, १९८९), पडदा बिघडला की बरेच जण नवा आयपीएस (आधुनिक एलसीडी) पडदा मागवतात. पण फक्त उभ्या रेघा गायब असतील तर मूळ पडदा बहुतेक वेळा वाचतो, आणि तो वाचवायलाच हवा. त्या हिरवट पडद्यावरचा खेळ नव्या पडद्यावर तसा दिसत नाही.

आधी दोष नक्की करा. खेळाचं काडतूस (कार्ट्रिज) न लावता यंत्र सुरू करा. वरून एक काळा आयत खाली येऊन मध्यावर थांबतो. त्यात जिथे फिक्या उभ्या चिरा दिसतील, तिथले स्तंभ मेलेले आहेत. कॉन्ट्रास्टची चकती पूर्ण फिरवून पडदा काळा केला की त्या आणखी ठळक दिसतात. पडद्यात १६० उभे स्तंभ आहेत. त्यांचे संकेत काचेच्या खालच्या कडेला उष्णतेने चिकटवलेल्या रिबनमधून (पातळ, चपट्या केबलमधून) येतात. वर्षं गेली की हा जोड सुटत जातो आणि रेघा जातात. आडव्या रेघा गेल्या असतील तर दोष बाजूच्या रिबनचा असतो. ते काम नाजूक, पहिल्याच प्रयत्नात त्याला हात लावू नका.

लागणारं सामान: वाय आकाराचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर (मोबाइल दुरुस्तीच्या संचात मिळतो), बारीक फिलिप्स (अधिक चिन्हासारख्या टोकाचा) स्क्रू-ड्रायव्हर, तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग आयर्न, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, पांढरा व्हिनेगर, कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा फवारा), कापसाच्या काड्या, खोडरबर. मुंबईत हे सगळं लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत होतं.

सेल काढा आणि पाठीमागचे सहा वाय स्क्रू सोडवा. त्यांतले दोन सेलच्या कप्प्यात असतात. दोन्ही अर्धी एका रिबनने जोडलेली असतात, म्हणून झटका न देता पुस्तकासारखी उघडा आणि रिबन कनेक्टरमधून सरळ ओढून काढा. तिरकी ओढली तर पिना वाकतात.

आयर्न तापवण्याआधी सफाई. फुटलेल्या अल्कलाइन सेलमधून आलेली पांढरी पूड क्षारधर्मी असते; व्हिनेगरने ओली केलेल्या काडीने ती विरघळवा, मग अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत पडून राहिलेल्या यंत्रांत हे जास्त आढळतं. चालू-बंदच्या बटणात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून ते वीस-पंचवीस वेळा मागेपुढे सरकवा. खेळ मध्येच बंद होतो, लाल दिवा मंद होतो, यामागे बऱ्याचदा हेच बटण असतं.

आता पडदा. पुढच्या अर्ध्यातले फिलिप्स स्क्रू काढून बोर्ड बाहेर घ्या, रिबन पुन्हा जोडा, सेल घाला, यंत्र सुरू करा आणि कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवा. रेघा परत येताना दिसायला हव्यात, म्हणून यंत्र चालूच ठेवायचं. काचेखालच्या जोडावर खोडरबराने हलकेच दाबून पाहा. रेघ क्षणभर उमटली तर उपाय लागू पडण्याची शक्यता चांगली.

आयर्न २०० अंश सेल्सिअसवर ठेवा. टोक स्वच्छ हवं, त्यावर शिशाचा थेंब नको. टोकाची चपटी बाजू गायब रेघेच्या बरोबर खाली, जोडावर टेकवा आणि हळू आडवी सरकवा. एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. काही झालं नाही तर दहा-दहा अंशांनी वाढवा, पण २५० च्या पुढे नको: रिबन जळून तपकिरी झाली की ती रेघ कायमची गेली. आयर्न काचेवर घसरलं तर वरची पोलरायझर फिल्म (प्रकाश गाळणारा पातळ थर) वितळून डाग पडतो, म्हणून हात टेबलावर टेकवूनच काम करा.

रेघ उमटली की लगेच आयर्न उचला आणि तो भाग गार होईपर्यंत खोडरबराने दाबून धरा. ही पायरी टाळली तर रेघ गार होताना पुन्हा जाते. काही महिन्यांनी एखादी रेघ परत गेली तर हीच कृती पुन्हा करता येते.

मागचा दिवा बसवायचा विचार असेल तर तो रेघा पक्क्या झाल्यावरच. त्यासाठी काचेमागची परावर्तक फिल्म सोलावी लागते, आणि त्या ओढाताणीत अर्धवट सुटलेले जोड पूर्ण तुटतात.

बंद करताना प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. आट्या जुळल्याचा छोटासा टक आवाज आला की मगच आवळा, नाहीतर प्लास्टिकमधल्या जुन्या आट्या झिजतात.