कोल्हापूरच्या पावसाला कुठला टायर? ग्रिप, आयुष्य आणि ओल्या रस्त्याचा हिशेब

मोटारसायकलचा टायर घ्यायला गेलं की "कुठल्या कंपनीचा देऊ?" हा दुकानातला पहिला प्रश्न, आणि बहुतेकांची फसगत तिथंच होते. नुसतं "एमआरएफ द्या" म्हटलं तर काहीच सांगितलं नाही असं समजा. नायलोग्रिप प्लस त्यांचा, झॅपर त्यांचा आणि रेव्ह्झही त्यांचाच. तिन्हींची कामं वेगळी. सिएटचा सिक्युरा झूम आणि झूम रॅड, मिशेलिनचा सिटी एक्स्ट्रा आणि पायलट स्ट्रीट यांच्यातही तेवढाच फरक. टीव्हीएस युरोग्रिप आणि अपोलो यांच्याकडेही रोजच्या वापराचा टायर वेगळा आणि वेगाच्या गाडीचा वेगळा. म्हणून तुलना कंपनीची नव्हे, मॉडेलची करायची, तीही एकाच साइजमध्ये. मित्राच्या ड्यूकवर चिकटून बसणारा टायर बघून तुमच्या शाइनसाठी त्याच कंपनीचा टायर घेण्यात काही अर्थ नाही.

आणखी एक घोळ "मायलेज" या शब्दाचा. टायरवाला मायलेज म्हणतो तेव्हा टायर किती हजार किलोमीटर चालेल ते सांगत असतो, आणि गिऱ्हाईक ऐकतं पेट्रोलचं अॅव्हरेज. इथं मायलेज म्हणजे टायरचं आयुष्य.

नवा घेण्याआधी जुना नीट बघा

गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक हातानं फिरवा आणि टायरवर तळवा आडवा फिरवून बघा. मधला भाग सपाट आणि दोन्ही बाजूंना कडा लागत असतील, तर टायर "चौकोनी" झालाय. हायवेनं सरळ पळणाऱ्या गाड्यांचं हे हमखास होतं. रोज कागलच्या एमआयडीसीला जाणारा किंवा महिन्यातून दोनदा पुण्याला जाणारा टायरच्या मधल्या पट्टीवरच चालतो, बाजूचं रबर कोरं राहतं. मग तीच गाडी करूळ घाटात उतरली की वळणावर कलताना सपाट भागावरून कडेवर येते आणि अचानक "पडते". नक्षी शिल्लक दिसते, म्हणून कुणाला टायरचा संशय येत नाही.

मधला भाग झिजण्याचं दुसरं कारण म्हणजे जास्त हवा. उलट दोन्ही बाजू झिजल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कायम कमी होती. एकाच बाजूला झीज असेल तर चेन अॅडजस्टरच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का ते बघा आणि स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बुश तपासून घ्या. पुढच्या टायरवर लाटा पडल्यासारखे खड्डे असतील तर फोर्क आणि हँडलचं बेअरिंग संशयित. हे दुरुस्त न करता नवा टायर टाकला तर तोही तसाच जाईल आणि शिव्या मात्र कंपनीला पडतील.

नक्षीच्या खोबणीत तळाशी छोटे उंचवटे असतात, कडेला त्यांच्या जागी "टीडब्ल्यूआय" किंवा त्रिकोणाची खूण असते. रबर त्या उंचवट्याला टेकलं की टायर संपला. पण पावसाळ्याचा विचार करून त्याच्या आधीच बदलावा, कारण पाणी बाजूला सारायला खोबणीत खोली लागते. मे महिन्यात मधे २ मिलिमीटर उरला असेल तर "एवढा पावसाळा काढू" म्हणू नका.

बाजूवरचे आकडे

१००/९०-१७ ५५पी असं लिहिलेलं असेल तर रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिम १७ इंची. ५५ हा वजनाचा क्रमांक, म्हणजे एका टायरवर २१८ किलो. पी म्हणजे कमाल १५० चा वेग. एस असेल तर १८०, एच असेल तर २१०.

वजनाच्या क्रमांकाकडे आपल्याकडे कुणी बघत नाही आणि खरी गरज आपल्यालाच आहे. स्प्लेंडर ११२ किलोची. त्यावर सत्तर किलोचा माणूस आणि चाळीस लिटरचे दुधाचे दोन भरलेले कॅन टाकले की एकूण पावणेतीनशेच्या आसपास जातं. कॅन मागं असतात, त्यामुळं साधारण दोन तृतीयांशाहून जास्त भार मागच्या चाकावर येतो. ४७ क्रमांकाचा टायर १७५ किलोचा. तो तिथं सगळ्या ताकदीनिशी कण्हत असतो. त्याच ८०/१००-१८ साइजमध्ये ५४ क्रमांकाचा टायर २१२ किलो घेतो. दूधवाल्यानं आणि सिलिंडरवाल्यानं ग्रिपबिप नंतर बघावं, आधी हा आकडा.

साइज वाढवायची हौस असेल तर हिशेब करून करा. ८०/१००-१८ ची एकूण उंची ६१७ मिलिमीटर येते, ९०/९०-१८ ची ६१९, म्हणजे जवळपास तेवढीच. १००/९०-१८ मात्र ६३७ होते. स्पीडोमीटर चुकतो, पिकअप जड होतो आणि टायर चेनगार्डला किंवा मडगार्डला घासायची शक्यता. शिवाय अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की तो दोन्ही बाजूंनी चिमटल्यासारखा गोल होतो. दिसायला नाद खुळा, पण रस्त्याला टेकणारी पट्टी वाढत नाही. एक साइज वर, तेही रिम घेत असेल तर. त्यापुढं नाही.

कडेवरच्या लांबट कोडमधले शेवटचे चार आकडे उत्पादनाची तारीख सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दीड वर्षापर्यंतचा माल घ्यायला हरकत नाही. त्याहून जुना असेल तर किंमत कमी करून मागा, नाहीतर सोडा. आयएसआयचा शिक्का आणि आयएस १५६२७ हा क्रमांकही शोधा. खोबणीच्या तळाला रबर ताजं कापल्यासारखं चकाकत असेल, तर तो जुन्या टायरला "कट मारलेला" माल आहे. तो फुकट दिला तरी घेऊ नये.

ग्रिप आणि आयुष्य यांचं भांडण

मऊ रबर रस्त्याच्या खरखरीत पृष्ठभागात शिरून बसतं, म्हणून ग्रिप देतं आणि म्हणूनच लवकर झिजतं. कडक रबर उलट. ओल्यात हा फरक दुप्पट जाणवतो, कारण पावसात टायर तापतच नाही. कोरड्या उन्हात दहा मिनिटांत गरम होऊन ठीकठाक वागणारा कडक टायर गगनबावड्याच्या धारेत थंड राहतो आणि पाटीसारखा घसरतो. रबरात सिलिका घातलेले टायर थंडीतही लवचीक राहतात, म्हणून पावसासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांत सिलिकाचा उल्लेख असतो.

नखानं दाबून टायर मऊ की कडक हे ठरवणारे जाणकार प्रत्येक चौकात भेटतील. एप्रिलच्या दुपारी दुकानाबाहेर टांगलेला टायर कसलाही असला तरी मऊच लागतो. नखाची परीक्षा एकाच कामाची: तुमच्याच टायरचं रबर वयानं काचेसारखं झालंय का ते बघायला.

नक्षीचं काम दुय्यम, पण आहे. मधे लांब सलग खोबण आणि बाजूला तिरक्या खोबणी असलेला टायर पाणी बाहेर फेकतो. मोठ्या गोट्यांची, खोल नक्षी पाणंदीला आणि चिखलाला चांगली, पण ओल्या डांबरावर तिचं रबर कमी टेकतं आणि ब्रेक मारल्यावर गोट्या वाकतात. पूर्ण ऑफरोड नक्षी टाकून रंकाळ्याला चक्कर मारणाऱ्यांनी पहिल्या सरीत जरा बेतानं.

आपल्या रस्त्याला काय

शहर आणि शिरोली, गोकुळ शिरगाव अशी ड्युटी असेल, वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर होत असतील, तर मागं टिकाऊ कम्यूटर, म्हणजे रोजच्या वापराचा टायर टाका. नायलोग्रिप झॅपर, सिक्युरा झूम, सिटी एक्स्ट्रा या वर्गातला. साधारण वीस ते तीस हजार किलोमीटर अपेक्षित धरा. उद्यमनगर आणि एमआयडीसीच्या गल्ल्यांत लेथचा लोखंडी कीस आणि स्क्रू पडलेले असतात, तेव्हा जाड नक्षी आणि ट्यूबलेस दोन्ही कामाला येतात.

राधानगरी-दाजीपूर, गगनबावडा, आंबा घाट इकडं पावसाळ्यात नेहमी जाणं असेल तर गणित बदलतं. झाडीखालच्या वळणांवर शेवाळ, कडेनं वाहून आलेली जांभ्याची लाल माती आणि धुक्यात न दिसणारे पट्टे. इथं पुढचा टायर मऊ घ्या आणि मागं मधला. ब्रेकचा मोठा वाटा पुढचं चाक उचलतं. मागचं घसरलं तर बहुतेकदा सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस आडवा. पैसे कमी असतील तर ते पुढच्या टायरवर घाला. पुढचा झिजतोही सावकाश, त्यामुळं महागडा रबर तिथं परवडतो. नेमकं उलटं केलेलं सगळीकडं दिसतं: मागं नवा कोरा, पुढं गाडीबरोबर आलेला टकलू.

रेडियल (आतले धागे सरळ आडवे) की साधा बायस (धागे तिरके)? दीडशे सीसीपर्यंत बायस पुरतो. एफझीसारख्या गाडीला कंपनीच पुढं बायस आणि मागं १४०/६० रेडियल देते, ते चालतं. पुढं रेडियल आणि मागं बायस अशी उलटी जोडी मात्र करू नका.

ऊस हंगामात टायर कुठलाही असो, शेताच्या तोंडाशी सावध. ट्रॅक्टरच्या चाकाबरोबर आलेली काळी माती डांबरावर थापली जाते, वर पाचट पडतं, आणि पहाटेच्या दवानं त्याचा साबण होतो. या थरावर नक्षी लगेच भरून जाते. तसाच वळीव: पहिली पंधरा-वीस मिनिटं महिन्याभराची धूळ आणि तेल वर येतं. नंतर जोराच्या पावसात रस्ता धुऊन निघतो आणि उलट बरी पकड मिळते.

किलोमीटरमागं किती पैसे

कोल्हापुरात व्हर्निअर, म्हणजे कारखान्यातलं बारीक मापाचं साधन, मागायला लांब जावं लागत नाही. त्याची मागची पट्टी खोबणीत घालून मध्यभागी तीन ठिकाणी खोली मोजा, सरासरी काढा, ओडोमीटरचा आकडा शेजारी लिहा. उंचवट्यावर मोजू नका. दर दोन-अडीच हजारांनी हेच.

समजा नवा टायर ७ मिलिमीटर होता आणि ५,००० किलोमीटरला ५.८ उरला. हजाराला ०.२४ गेलं. १.५ ला बदलायचा ठरवला तर ५.५ मिलिमीटर वापरायला आहेत, म्हणजे जवळपास २३,००० किलोमीटर. टायर २,४०० रुपयांचा असेल तर किलोमीटरला साडेदहा पैसे. शेजारी ३,२०० रुपयांचा मऊ टायर १४,००० चालणारा धरा: तेवीस पैसे. वर्षाला बारा हजार किलोमीटरला फरक दीड हजार रुपयांचा. हे दीड हजार ओल्यातल्या ग्रिपचे. घाटात जाणाऱ्याला स्वस्त, फक्त दसरा चौक ते कावळा नाका करणाऱ्याला महाग.

ओल्याची तुलनाही आकड्यात करता येते. ४० च्या वेगात ओल्यातही घट्ट धरणारा टायर ८ मीटरच्या आसपास थांबवतो, निसरडा झालेला साडेबारा मीटरला. मधले साडेचार मीटर म्हणजे एक अख्खी मोटार. मोजायचंच असेल तर रिकामा, सरळ, खडी नसलेला रस्ता, हलका पाऊस, वेग ३० आणि खुणेचा दगड. ब्रेक हळूहळू वाढवत न्या. पाच वेळा करा, पहिले दोन सोडा. एबीएस नसेल तर चाक लॉक होईपर्यंत ताणू नका.

बसवताना

बाणाची दिशा आधी बघा, पुढच्या आणि मागच्या टायरची नक्षी उलटसुलट दिसू शकते, बाण मात्र चाक फिरतं त्याच दिशेनं. पिवळा ठिपका हलक्या बाजूची खूण, तो व्हॉल्व्हजवळ ठेवायला सांगा. रिमची आतली कड तारेच्या ब्रशनं साफ करून घ्या, नाहीतर ट्यूबलेसमधून थोडी थोडी हवा जात राहते आणि पंक्चर काही सापडत नाही. व्हॉल्व्हही नवाच टाका, जुन्याचं रबर तडकलेलं असतं. कडेला साबणाचं पाणी लावावं. डिझेल किंवा ऑइल नाही, रबर खराब होतं. हवा भरताना दोन्ही बाजूंना "टक" असा आवाज येतो. त्यानंतर कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडं सारख्या अंतरावर आहे ना ते फिरवून बघा. एका जागी आत गेली असेल तर बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) बसलेलं नाही, चाक उडत चालेल.

हवा गाडीच्या स्टिकरप्रमाणं, टायर थंड असताना. पल्सर १५० ला पुढं २५, मागं एकट्याला २८, डबलसीटला ३२ पीएसआय. पंपावर पोचेपर्यंत टायर तापतो आणि दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो, तेव्हा पंप घराजवळचा बरा. "पावसात हवा कमी केली की पकड वाढते" हे ऐकू नका: खोबणी मिटतात आणि पाणी बाहेर पडायची वाटच बंद होते.

नव्या टायरवर साच्यातली तुकतुकी असते. पहिले दीडशे किलोमीटर जोराचा ब्रेक आणि खोल कल टाळा, दर फेरीला थोडं थोडं जास्त कलत जा म्हणजे बाजूचं रबरही खरखरीत होईल. टायर रविवारी टाकून त्याच संध्याकाळी पावसात पन्हाळ्याला निघायचं नाही. आणि टायर चमकवायचं पॉलिश लावायचंच असेल तर फक्त कडेला, फडक्यानं. नक्षीवर स्प्रे मारणारा वॉशिंगवाला दिसला तर त्याचा हात धरा.