मध्ययुगीन इंग्लिश आल्म्सहाउस कसं पाहावं

आल्म्सहाउस म्हणजे गरीब वृद्धांना तहहयात राहायला दिलेली धर्मादाय घरं. इंग्लंडमध्ये अशा जुन्या वास्तू बऱ्याच टिकून आहेत, पण एकच पाहणार असाल तर विंचेस्टरचं सेंट क्रॉस पाहा. शहरातून इचेन नदीकाठच्या कुरणांमधून चालत गेलं की दीडेक किलोमीटरवर ते लागतं.

गेल्या गेल्या चर्चकडे वळू नका. आधी देवडीवर थांबा आणि 'वेफेरर्स डोल', म्हणजे वाटसरूंसाठीचं दान, मागा. शिंगाच्या पेल्यात घोटभर बिअर आणि पावाचा तुकडा मिळेल. मागितल्याशिवाय मात्र कोणी देत नाही. बिशप हेन्री ऑफ ब्लॉइसने 1130च्या दशकात ही संस्था काढली, तेव्हा 13 गरीब पुरुषांना निवारा आणि शिवाय 100 जणांना रोज जेवण असा नेम होता. त्या अन्नदानाची ही खूण.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे स्थापनेचं साल सगळ्या आवारालाच लावणं. 12व्या शतकातलं बांधकाम चर्चमध्ये शोधायचं. राहत्या घरांची लांब रांग त्यानंतर तीनशे वर्षांनी, कार्डिनल ब्युफोर्टने 1445च्या सुमारास संस्था वाढवली तेव्हाची. आजही काळा झगा आणि चांदीचा क्रॉस दिसला तर तो रहिवासी हेन्रीच्या मूळ संस्थेचा; लाल झगा असला तर ब्युफोर्टने जोडलेल्या शाखेचा.

या रांगेसमोर उभं राहून आधी छपराकडे बघा. ठरावीक अंतरावर उंच धुरांडी दिसतात. धुरांडं म्हणजे खाली शेकोटी, आणि इतक्या शेकोट्या म्हणजे प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं. मग दारं बघा: एका जिन्यावर चार बिऱ्हाडं, दोन खाली, दोन वर. आता ब्रदरन्स हॉलमध्ये, म्हणजे रहिवाशांच्या सामाईक दालनात जा. तिथे लाकडी छताखाली, खोलीच्या मधोमध एकच चूल आहे. सामाईक ऊब आणि स्वतःची ऊब यांतला फरक इथे काही पावलांत कळतो, म्हणून हा क्रम चुकवू नका.

चर्च शेवटी, आणि तेही पूर्वेकडून पश्चिमेकडे पाहायचं, कारण बांधकाम त्याच दिशेने सरकत गेलं. पूर्वेला मीटरभराहून जाड भिंती आणि नागमोडी नक्षीच्या गोल कमानी आहेत. तिथल्या वरच्या कमानी एकमेकींत गुंफल्या आहेत. दोन गोल कमानी छेदतात तिथे आपोआप टोकदार कमान तयार होते. ती जागा नीट शोधा. रंगकामावर भरवसा ठेवून काळ ठरवू नका, कारण 1860च्या दशकात वास्तुविशारद बटरफील्डने इथे मोठी डागडुजी केली.

आणखी एक दिवस हाती असेल तर चिचेस्टर शहरातलं सेंट मेरीज हे आल्म्सहाउस गाठा. तिथे 13व्या शतकाअखेरचा एकच प्रचंड हॉल आहे, जमिनीजवळ उतरलेलं छप्पर आणि ओकचे खांब. पूर्वी खाटा दोन्ही बाजूंना आणि पूर्वेच्या टोकाला प्रार्थनास्थळ, म्हणजे अंथरुणावरूनही वेदी दिसावी. छपरातून वर आलेली विटांची धुरांडी पाहून फसू नका. ती 17व्या शतकात हॉलच्या आत स्वतंत्र घरं बांधली तेव्हाची. दोन्ही ठिकाणी आजही माणसं राहतात. खिडक्यांतून डोकावू नका, दारांचे फोटो काढण्याआधी विचारा.