रक्तदानाआधी आजार दडवू नका आणि स्वतःच स्वतःला बादही करू नका: या चुका टाळा

रक्तदान शिबिरात मी फॉर्म तपासण्याच्या आणि प्रश्न विचारण्याच्या टेबलावर बसते. सुई टोचल्यावर पिशवी पाच-दहा मिनिटांत भरते. खरी कसोटी त्याआधी, या टेबलावर लागते. वीस वर्षांचा धडधाकट मुलगा आला की काम पटकन उरकतं. चाळिशी ओलांडलेली मंडळी आली की कुणाला बीपी असतं, कुणाला थायरॉईड, कुणाला हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट घातलेला असतो, कुणाला शाळेत असताना कावीळ झालेली असते. यातले काही जण सगळं दडवून थेट खाटेवर जाऊन आडवे होतात. बाकीचे ‘आपलं कुठे चालतंय’ म्हणत मांडवाच्या दारातूनच परत फिरतात. मला दोन्हींचा सारखाच त्रास होतो.

खाली दिलेल्या मुदती राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने २०१७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमधल्या आहेत. प्रत्यक्ष निर्णय त्या दिवशी समोर बसलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा असतो आणि तो ऐकायचा असतो.

‘ते औषध थोडंच आहे?’

ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते, म्हणून आधी हीच घेते.

एका इंजिनिअरिंग कॉलेजचं शिबिर होतं. पोरं उत्साहात, रांग जिन्यापर्यंत गेलेली. एक मुलगा फॉर्म घेऊन आला. सगळ्या प्रश्नांसमोर वरून खालपर्यंत एकच उभी रेघ, सगळ्यांचं उत्तर ‘नाही’. ‘सध्या कोणतं औषध चालू आहे का?’ यालाही नाही. वजन, बीपी, हिमोग्लोबिन सगळं उत्तम. पण त्याचे ओठ सोललेले होते. कोपऱ्यांना चिरा पडलेल्या आणि ऐन पावसाळ्यात खिशात लिप बाम. मी विचारलं, “ओठांना काय झालंय रे?” तो म्हणाला, “काही नाही मॅडम, पिंपल्सची गोळी चालू आहे, तिनं कोरडे पडतात.”

गोळीचं नाव विचारलं तर सांगता येईना. आईला फोन लावून स्ट्रिपचा फोटो मागवला. आयसोट्रेटिनोइन. हे औषध गर्भवतीच्या शरीरात गेलं तर बाळात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकतं, म्हणून शेवटच्या गोळीनंतर एक महिना रक्त घेत नाहीत. रक्तपेढीतून बाहेर पडलेली पिशवी कुणाला चढणार हे कुणाच्याच हातात नसतं. बाळंतपणाच्या वॉर्डातून रक्ताची मागणी रोजच येते.

मुलगा हिरमुसला. “पण मॅडम, ही चेहऱ्याची गोळी आहे, आजाराची नाही,” असं दोनदा म्हणाला. तोवर आयोजकांपैकी एक विद्यार्थी येऊन टेबलाला टेकला. शंभर पिशव्यांचं टार्गेट होतं, बॅनरवर आकडा छापून झाला होता. “एकानं काय फरक पडतो, सोडा ना.” हे वाक्य मी फार ठिकाणी ऐकलं आहे आणि दर वेळी तितकाच राग येतो. पिशव्यांचा आकडा आधी छापणाऱ्या शिबिरांत फॉर्म वाचायची सवड कुणालाच नसते. त्या दिवशी मी रांगेतल्या प्रत्येकाला चेहरा आणि केस यांबद्दल वेगळं विचारलं. चेहऱ्याची गोळी घेणारे आणखी काही जण निघाले. केस गळतात म्हणून फिनास्टेराइड घेणाराही एक निघाला. फिनास्टेराइडनंतरही एक महिना थांबावं लागतं. त्याच घराण्यातलं ड्युटास्टेराइड असेल तर सहा महिने, कारण ते शरीरातून फार हळू उतरतं. कारण तेच, पोटातलं बाळ.

तेव्हापासून मी ‘औषध घेता का?’ असं विचारतच नाही. माणसाच्या मनात औषध म्हणजे तापाचं किंवा बीपीचं. मी विचारते, “सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय टाकता? चेहऱ्यासाठी, केसांसाठी, गुडघ्यांसाठी, जिममध्ये?” मग एकेक बाहेर येतं. गुडघ्यांसाठी कुणा ओळखीच्याने दिलेली पुडी हा प्रकार तर गावोगाव आहे. त्या पुडीत काय आहे ते घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. औषध नेमकं काय आहे ते कळेपर्यंत रक्त घ्यायचं नाही, असा नियमच आहे. ‘आयुर्वेदिकच आहे हो’ हे त्यावरचं उत्तर नाही.

शिबिराला निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्या चालू गोळ्या ओट्यावर मांडा आणि मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. एवढं केलंत तरी टेबलावरचा निम्मा गोंधळ मिटतो.

बीपीची गोळी मुद्दाम चुकवून येणं

मंडळाचे एक जुने कार्यकर्ते, पन्नाशीतले. गणेशोत्सवातल्या शिबिरात दरवर्षी पहिली पिशवी त्यांची. त्या वर्षी त्यांना नुकतंच बीपी निघालं होतं आणि कुणीतरी सांगितलं होतं की रक्तात गोळी सापडली तर रक्त फेकून देतात. म्हणून दोन दिवस गोळी बंद. आले तेव्हा बीपी १७०/१०४. पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं, तरी १६६. मग त्यांनी खिशातून गोळी काढली. “ताई, आत्ता घेतो आणि तासाभरात देतो.” समोर ढोल वाजतोय, कार्यकर्ते बघतायत, फोटोवाला थांबलाय. माणसाला माघार घेणं किती जड जातं ते दिसत होतं. तरी त्यांना घरी पाठवलं आणि जाताना त्यांच्या डॉक्टरांना फोन करायला लावला.

नियम अगदी साधा आहे. वरचं बीपी १०० ते १४० आणि खालचं ६० ते ९० यांच्यात असलं की रक्त देता येतं, मग ते गोळीमुळे तिथे राहिलेलं असलं तरी चालतं. गोळी चालू असणं हा दोष नाही. फक्त गेल्या २८ दिवसांत गोळी किंवा तिचा डोस बदललेला नसावा आणि बीपीमुळे हृदयाला किंवा मूत्रपिंडाला इजा झालेली नसावी. या गृहस्थांची गोळी नवी होती, म्हणजे नियमित घेतली असती तरी त्या वर्षी थांबावंच लागलं असतं. बंद करून त्यांनी रक्त तर दिलं नाहीच, वर स्वतःचा जीव धोक्यात घातला. गोळी रोजच्या वेळेला घ्या, पोटभर न्याहारी करा आणि मग या.

‘मला शुगर आहे, म्हणजे नाहीच’

हे स्वतःच ठरवून घरी बसणारे खूप आहेत. मधुमेह पथ्याने किंवा गोळ्यांनी आटोक्यात असेल, गेल्या चार आठवड्यांत डोस बदललेला नसेल, पायाला जखम किंवा बधिरपणा नसेल, उठताना चक्कर येत नसेल, तर रक्त देता येतं. इन्सुलिन चालू असेल तर मात्र नाही. थायरॉईडचंही तसंच. थायरॉईड कमी म्हणून रोज सकाळी गोळी घेता आणि रिपोर्ट नॉर्मल आहे, तर हरकत नाही. रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा असेल तर आधी नवा काढून आणा. थायरॉईड वाढल्याच्या गोळ्या चालू असतील किंवा थायरॉईडचा कॅन्सर होऊन गेला असेल तर देता येत नाही.

कोलेस्टेरॉलची गोळी चालते. गर्भनिरोधक गोळी चालते. नैराश्यावरच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या चालू असल्या तरी तब्येत स्थिर आणि त्या दिवशी बरं वाटत असेल तर चालतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण ही गोष्ट लोक सगळ्यांत जास्त लपवतात आणि लपवायची काडीची गरज नसते. थॅलेसेमिया मायनर (रक्ताच्या आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार) असूनही हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून जास्त असेल तर रक्त घेतात.

आणि जिथे कायमचा नकार आहे तो स्पष्ट सांगते: हार्ट अटॅक, बायपास किंवा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचा आजार, फिट्स, कॅन्सर, हिपॅटायटिस बी किंवा सी, ल्युपससारखे (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असे) आजार, जुनाट मूत्रपिंडविकार, दम्यासाठी चालू असलेले स्टेरॉईड. ‘स्टेंट घालून पाच वर्षं झाली, रोज पाच किलोमीटर चालतो’ म्हणणाऱ्या काकांचा उत्साह खरा असतो. पण एका वेळी ३५० मिलिलिटर रक्त निघाल्यावर त्यांच्या हृदयावर जो ताण येईल त्याची जबाबदारी शिबिरातला कुणीही घेऊ शकत नाही. अशा काकांना मी माझ्या शेजारी खुर्ची देते, फॉर्म भरून घ्यायच्या कामाला. वाचून भरून घेतात, रेघ ओढू देत नाहीत.

कावीळ झाली होती, पण कोणती?

‘लहानपणी कावीळ झाली होती’ हे ऐकलं की मी पेन खाली ठेवते. जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसतं, त्या काविळीचा इथे संबंध नाही. दूषित पाण्यातून होणारी ए किंवा ई प्रकारची असेल तर बरं झाल्यावर १२ महिने थांबायचं. इचलकरंजीत २०१२ मध्ये पाण्यातून पसरलेली मोठी साथ ई प्रकारचीच होती. बी किंवा सी असेल तर कायमची मनाई. आणि प्रकारच माहीत नसेल तरीही मनाई. इथे लोक चिडतात. “तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, गावठी औषधानं बरी झाली, कागद कुठून आणू?” त्यांचं म्हणणं मला कळतं, पण कागद नसताना अंदाजाने ‘पाण्याचीच असेल’ असं लिहिणं मला मान्य नाही. मोठ्या बहिणीला विचारा, जुन्या डॉक्टरांकडे जा, घरातली ट्रंक उघडा. मुलांची कावीळ हल्लीची असेल तर रिपोर्ट आजच फाईलला लावा. पुढे अठराव्या वर्षी त्यांच्याच कामी येईल.

ज्यांना लोक आजार म्हणत नाहीत, आणि बरे झाले की विसरतात ते आजार

यांच्यानंतर रक्त द्यायला किती थांबायचं ते सांगते. कुत्रा चावल्यावर घेतलेली रेबीजची इंजेक्शनं: एक वर्ष. टॅटू किंवा कान-नाक टोचणं: एक वर्ष. दात काढला: सहा महिने. मोठं ऑपरेशन किंवा स्वतःला रक्त चढवलं असेल: एक वर्ष. टायफॉईड: बरं झाल्यावर एक वर्ष. डेंग्यू: सहा महिने. मलेरिया: तीन महिने. टीबी: बरा झाल्याचं निश्चित झाल्यावर दोन वर्षं. अँटिबायोटिक: शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे. बाळंतपण: एक वर्ष आणि अंगावर पाजणं चालू असेपर्यंत नाही. गर्भपात: सहा महिने. वयाची साठ ओलांडल्यावर पहिल्यांदाच रक्तदान करायला येऊ नका. आधी देत आला असाल तर पासष्टपर्यंत चालतं.

डोकं दुखलं म्हणून काल अ‍ॅस्पिरिन घेतली, तरी सांगा. तीन दिवस त्या रक्तातल्या प्लेटलेट्स (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) रुग्णाच्या उपयोगाच्या नसतात, पण लाल पेशी वापरता येतात. तुम्ही सांगितलंत तर पिशवीवर तशी नोंद होते. नाही सांगितलंत तर डेंग्यूच्या रुग्णाला काम न करणाऱ्या प्लेटलेट्स जातात.

तपासणी फुकट होते म्हणून रक्तदान

प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. हे ऐकून काही जण मनातली शंका फेडून घ्यायला येतात. याहून घातक शॉर्टकट मला माहीत नाही. संसर्ग नुकताच झाला असेल तर सुरुवातीचा काही काळ तो चाचणीत दिसत नाही, पण रक्तातून मात्र पसरतो. शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात जा. तिथे एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि गुप्त राहते.

इथे नाही म्हणाले, मग दुसऱ्या मांडवात

जयंतीच्या दिवशी एकाच रस्त्यावर दोन-तीन शिबिरं असतात. एका टेबलावर नकार मिळाला की दुसऱ्या टेबलावर खोटं बोलायचं, कारण हेल्मेट किंवा घड्याळ तिथेही मिळणार असतं. मी नकार देताना चिठ्ठीवर कारण आणि पुन्हा यायची तारीख लिहून देते. ती चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, त्यांचं मत वेगळं पडलं तर पडू द्या. चिठ्ठी लपवून मात्र जाऊ नका. पुरवठा खरा आटतो तो मे महिन्यात आणि दिवाळीत. तुमची तारीख तेव्हाची असेल तर उत्तमच.

घरी गेल्यावर आठवलं तर

हे फार घडतं. बायको विचारते, “अहो, गोळीचं सांगितलंत का?” आणि माणूस गप्प बसतो. गप्प बसू नका. रक्तदाता कार्डावर रक्तपेढीचा नंबर असतो, लगेच फोन करा. नाव, शिबिराची तारीख आणि जागा सांगा, काय राहिलं ते सांगा. कुणी रागावत नाही. त्याच दिवशी कळलं तर पिशवी बहुधा अजून रक्तपेढीतच असते आणि ती बाजूला काढता येते. रात्री अकराला आठवलं तरी सकाळची वाट बघू नका. रात्रपाळीला तंत्रज्ञ असतो, फोन तोच उचलतो.