पोरापोरींचा पॉप ग्रुप काढताय? या चुका टाळा

लातूर, नांदेड, संभाजीनगर, कुठंही जा. दर उन्हाळ्यात एखादा हौशी फायनान्सर उभा राहतोच. गॅदरिंगमध्ये चार-पाच पोरं नाचताना बघितली, त्यातल्या एकाचा आवाज बरा वाटला, की गडी थेट स्टुडिओत. "सर, पोरं तयार हायती. तुम्ही फकस्त एक गाणं करून द्या, लाँचिंगचं आम्ही बघतो." लाँचिंग दणक्यात होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ग्रुप गायब. मग खापर पब्लिकवर फुटतं: लोकांना रोज नवीन लागतं, रीलचा जमाना आहे, वगैरे. मी ट्रॅक, म्हणजे गाण्यामागची वाद्यांची साथ, रेकॉर्ड करून देणारा माणूस. माझ्या बघण्यात पब्लिकनं फार कमी ग्रुप बुडवलेत. बाकीचे काढणाऱ्यांनीच बुडवलेत.

सगळा पैसा पहिल्या गाण्यात

जॅकेटं, ड्रोन, धुराचं मशीन, आणि दुसऱ्या गाण्याला शून्य रुपये. ही चूक मोठमोठ्यांनीही केली आहे. 2002 मध्ये चॅनल व्हीच्या 'पॉपस्टार्स' या गाणाऱ्या मुली निवडायच्या टीव्ही मालिकेतून 'विवा' हा पाच मुलींचा ग्रुप निघाला. निवड टीव्हीवर दिसत होती, त्यामुळे पहिल्या अल्बमआधीच घराघरात नावं पाठ. 2003 मध्ये दुसरा अल्बम आला तेव्हा ती मालिका मागे नव्हती, एक मुलगीही बाहेर पडली होती, आणि काही वर्षांत ग्रुप संपला. मुलींत दम नव्हता असं म्हणू नका. नेहा भसीन, अनुष्का मनचंदा यांनी पुढं सिनेमात गाऊन दाखवलं.

रेकॉर्ड कंपनीचा हिशोब समजून घ्या. बहुतेक करारांत रेकॉर्डिंगचा आणि बऱ्याचदा व्हिडिओचाही खर्च कलाकारांच्या वाट्यातून आधी वळता होतो. पुढचा अल्बम करायचा की नाही, हा निर्णय कंपनीच्या हातात. दुसरं गाणं पडलं की कंपनी भांडत नाही, फोन उचलणं बंद करते. आपल्याकडच्या फायनान्सरचंही तेच. म्हणून माझा नियम: तीन गाणी पूर्ण झाल्याशिवाय पहिलं बाहेर सोडायचं नाही. ज्याला एवढी कळ निघत नाही, त्यानं डीजे लावावा.

पोराचा आवाज फुटणार हे विसरणं

हे सांगून सांगून माझा घसा बसला. तेरा-चौदाच्या पोराचा आवाज कधीही फुटतो आणि दोन-चार महिन्यांत पार खाली उतरतो.

उदगीरकडचा एक ग्रुप होता. मुख्य गाणारा चौदाचा, आवाज काळी पाचमध्ये (पेटीवरची उंच पट्टी) टणटणीत. मे महिन्यात ट्रॅक झाला. गणपतीच्या आधी रिहर्सलला आला तर बोलतानाच आवाज जाड. मी फायनान्सरला म्हटलं, ट्रॅक परत करावा लागेल, हा आता काळी एकमध्येसुद्धा (बरीच खालची पट्टी) ओढून गाईल. सॉफ्टवेअरमध्ये नुसती पट्टी एवढी खाली ओढली तर ढोलकी रिकामा डबा बडवल्यासारखी ऐकू येते, ते चालणार नव्हतं. त्याचं उत्तर: "कशाला टेन्शन घ्यायलाव सर, माइकला इको वाढवा."

गणपतीच्या कार्यक्रमात जुन्याच ट्रॅकवर पोरगा उभा राहिला. मुखडा कसाबसा निघाला. अंतऱ्याच्या वरच्या सुरावर आवाज चिरकला आणि पुढच्या रांगेतल्या पोरी हसल्या. दुसरा अंतरा पोरानं घाबरून खालच्या सप्तकात धरला, बाकीचे चौघे वरच. मोबाइल कधीच वर गेले होते. सकाळपर्यंत ती क्लिप तालुक्यातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. नवरात्राच्या सुपाऱ्या एकेक करून रद्द झाल्या. नव्या ट्रॅकला पैसे घालण्यापेक्षा ग्रुप सोडणं स्वस्त, असं फायनान्सरनं ठरवलं. पोरानं गाणंच सोडलं. इको वाढवून गळा सुधारत असता तर रियाज कुणी केला असता?

माझी सवय अशी. महिन्यातून एकदा पेटीवर पोराचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर काढायचा आणि वहीत लिहायचा. सूर घसरायला लागला की मुख्य ओळी मुलीला किंवा सतरा-अठराच्या पोराला द्यायच्या, फुटलेल्या आवाजाला नुसत्या कोरसच्या खालच्या ओळी. प्रत्येक वाद्याची फाइल वेगळी ठेवायची, म्हणजे पट्टी बदलताना सगळं पहिल्यापासून वाजवावं लागत नाही. पोर्तो रिकोच्या 'मेनुडो' या पोरांच्या ग्रुपनं तर सोळाव्या वर्षी बाहेर असा नियमच केला होता. नाव तेच, पोरं बदलती. मला ते आवडत नाही. पण त्यांनी वयाचा विचार आधी केला होता, एवढं मान्य.

गेलेल्याच्या जागी गुपचूप दुसरा

ब्रिटनमध्ये 2001 साली 'हिअरसे' नावाचा ग्रुप असाच टीव्हीवरून निघाला. पहिलं गाणं पहिल्या क्रमांकावर, पहिला अल्बमही. 2002 च्या जानेवारीत त्यातली किम मार्श बाहेर पडली. तिच्या जागी ऑडिशन घेऊन जो आणला, तो आधी एका प्रसिद्ध ग्रुपमागं नाचणारा निघाला. सगळं आधीच ठरलं होतं, असा बोभाटा झाला आणि त्याच ऑक्टोबरात ग्रुप मोडला. मजा म्हणजे त्याच कार्यक्रमात शेवटी नापास झालेल्या पाच जणांनी 'लिबर्टी एक्स' काढला, तो 2007 पर्यंत टिकला. एक गेला तर चौघांनी गावं. जागा भरायची घाई करू नका.

किरकोळ, पण दरवर्षी दिसणाऱ्या

ओठ हलवून गाणं ढकलणं: 'मिली व्हॅनिली' या जोडीचं ग्रॅमी पारितोषिक 1990 मध्ये परत घेतलं गेलं, कारण रेकॉर्डवरचा आवाज दुसऱ्यांचाच होता.

बारावीतला पोरगा घेणं: लातुरात तर करूच नका. क्लास, टेस्ट सिरीज, 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा. जानेवारीनंतर तो तुमचा नसतो.

मालकाचा पुतण्या मधोमध उभा करणं: यावर मी बोलत नाही.

कागद न करणं

पोरांची सही घेऊन करार झाला असं समजू नका. 1872 च्या करार कायद्यानुसार अठराच्या आतल्याचा करार मुळातच रद्दबातल. बापाची सही घेतली म्हणजे भागलं, असंही नाही. एका अल्पवयीन नटीसाठी तिच्या वडिलांनी निर्मात्याशी केलेला करार मुंबई हायकोर्टानं ग्राह्य धरला नव्हता. तेव्हा वकील गाठा, आणि पैसे गाण्यागणिक, हातोहात द्या म्हणजे अंगावर काही राहत नाही. पोरगं चौदाच्या आतलं असेल तर कामाचे तास आणि त्याच्या नावे ठेवायची ठेव यांचे सरकारी नियम आहेत, तेही विचारून घ्या.

ग्रुपचं नाव कुणाचं, हे पहिल्याच दिवशी लिहून काढा. माझ्या ओळखीत एकाच नावाचे दोन ग्रुप एकाच यात्रेत उतरलेत, आणि यात्रा कमिटीनं दोघांचीही बिदागी अडवली. नाव नोंदवायचं तर करमणुकीसाठी ट्रेडमार्कचा वर्ग 41. एकट्या माणसानं ऑनलाइन अर्ज केला तर फी 4,500 रुपये. बहुतेकांच्या एका जॅकेटाच्या शिलाईत बसतात.