'रोबोट ड्रीम्स' मुलांना दाखवताना

'रोबोट ड्रीम्स' हा ॲनिमेशन सिनेमा मुलांना दाखवायचा असेल, तर आधी तो एकट्यानं पाहून घ्या. शेवटाला तुम्हाला रडू येईल. ते पहिलं रडू मुलांच्या शेजारी बसून आलं, तर त्यांचं काय चाललंय याकडं तुमचं लक्ष राहणार नाही.

मी मिरजेत चित्रकला शिकवायची. निवृत्त झाल्यापासून आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये अधूनमधून रविवारी मुलांना सिनेमे दाखवते. प्रोजेक्टर एका पालकांचा, पडदा म्हणजे इस्त्री केलेली पांढरी चादर. हा सिनेमा मी लहानमोठ्या बऱ्याच मुलांना दाखवलाय. त्यातून जे कळलं ते इथं सांगते. शेवटाबद्दल बोलावंच लागणार आहे, तेव्हा ज्यांना तो आधी कळायला नको त्यांनी सिनेमा पाहून मग वाचा.

गोष्ट १९८०च्या दशकातल्या न्यूयॉर्कमधली. शहरात सगळे प्राणीच राहतात. डॉग नावाचा कुत्रा एकटा राहतो, एकटाच जेवण गरम करून खातो, दोघांनी खेळायचा व्हिडिओ गेम एकटाच खेळतो. टीव्हीवरची जाहिरात पाहून तो रोबोट मागवतो, घरी जोडतो आणि दोघांची गट्टी जमते. उन्हाळ्याच्या शेवटी ते समुद्रावर जातात. खाऱ्या पाण्यात खेळल्यामुळं रोबोट गंजतो आणि वाळूत पडल्यापडल्या त्याला हलताच येत नाही. दुसऱ्या दिवशी डॉग हत्यारं घेऊन येतो, तर किनारा बंद! थेट १ जूनपर्यंत. सारा व्हॅरनच्या २००७च्या चित्रकादंबरीवरून स्पॅनिश दिग्दर्शक पाब्लो बेर्गेर यांनी हा सिनेमा काढलाय. २०२३ला तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी ऑस्करच्या अंतिम यादीत होता. बेर्गेर स्वतः न्यूयॉर्कमध्ये अनेक वर्षं राहिलेले आहेत, आणि ते प्रत्येक गल्लीत दिसतं.

वयाचं विचाराल, तर सहा-सात वर्षांच्या पुढं. त्याहून लहान मुलं रंगांत आणि प्राण्यांत रमतात, पण सिनेमा पावणेदोन तासांच्या आसपास आहे, मधला भाग संथ आहे, ती कंटाळतात. वेळ दुपारची किंवा संध्याकाळी लवकरची ठेवा. रात्री जेवणानंतर दाखवून मुलांना लगेच झोपायला पाठवू नका. या सिनेमानंतर मुलांना तास-दीड तास मोकळं जागं राहायला मिळालंच पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या सिनेमात संवाद नाहीत. एकही नाही. आपल्याकडं मुलांना परदेशी सिनेमा दाखवायचा म्हटलं की इंग्रजी कळेल का, खालच्या ओळी वाचता येतील का, ही काळजी असते. इथं ती नाही. मराठी शाळेतलं मूल, सेमीतलं मूल, चष्मा विसरून आलेल्या आजी, सगळे एकाच पायरीवर. पण त्याच कारणानं मोठी माणसं सिनेमाभर बोलत राहतात. "बघ, आता तो एकटा पडला." "बघ, त्याला वाईट वाटतंय." कृपा करून हे करू नका. डॉगच्या कानांवरून, रोबोटच्या डोळ्यांवरून मुलं आपल्या आधी ओळखतात. मी सुरुवातीलाच पालकांना मागच्या खुर्च्यांवर बसवते आणि सांगते, की मुलांनी विचारलं तरच उत्तर द्यायचं, तेही एका वाक्यात.

एक गोष्ट मात्र आधी सांगून ठेवायची: रोबोट वाळूत पडल्यापडल्या स्वप्नं पाहतो, आणि ती कुठं सुरू होतात ते लगेच कळत नाही. तो उठतो, घरी जातो, आपण सुस्कारा सोडतो, आणि तो पुन्हा वाळूतच असतो. मोठ्यांना यातली गंमत कळते. सात वर्षांच्या मुलाला मात्र फसवल्यासारखं वाटू शकतं. "यात काही स्वप्नं आहेत, ती ओळखायची," एवढं म्हटलं की तीच मुलं डोळे बारीक करून पाहायला लागतात. आमच्याकडं एक मुलगी फार लवकर ओळखायची. कसं, ते विचारल्यावर म्हणाली, "स्वप्नात त्याला कुणी अडवतच नाही."

दोन ठिकाणी लहान मुलं दचकतात. बोटीतून आलेले ससे रोबोटचा पाय काढून नेतात तिथं, आणि तो भंगारात जातो, त्याचे तुकडे होतात तिथं. रक्त नाही, आरडाओरडा नाही, पण मुलं जवळ सरकतात. सरकू द्या, जवळ घ्या, सिनेमा थांबवू नका. थांबवला की ते दृश्य पडद्यावर गोठून राहतं आणि भीती वाढते. पुढं रास्कल नावाचा रॅकून रोबोटला भंगारातून विकत घेतो आणि त्याच्या धडाच्या जागी मोठा टेपरेकॉर्डर बसवतो. तिथं हॉलमध्ये हशा पिकतो.

शेवटाची तयारी तुमची हवी, मुलांची नको. डॉग १ जूनला धावत किनाऱ्यावर जातो, रोबोट तिथं नसतो. कालांतरानं डॉग दुसरा रोबोट आणतो. मग एक दिवस पहिल्या रोबोटला वरून, रास्कलच्या घरातून, रस्त्यावर डॉग दिसतो. धावत खाली जावं असं त्याच्या मनात येतं, आपल्याला ते दिसतंही. पण तो जात नाही. दोघांचं जुनं गाणं, 'अर्थ, विंड अँड फायर' या अमेरिकन बँडचं 'सप्टेंबर', तो लावतो. खाली डॉगचे पाय हलायला लागतात, वर रोबोट नाचतो. डॉग वर पाहतो तेव्हा रोबोट लपतो आणि रास्कलकडं वळतो.

दिवे लावायची घाई करू नका. नावांची पाटी पूर्ण जाऊ द्या. आणि दिवे लावल्यावर "मग यातून आपण काय शिकलो?" हा प्रश्न विचारू नका. शाळेत आम्हीही धड्याखाली तो विचारायचो, पण इथं त्यानं मूल लगेच उत्तरपत्रिका लिहायला लागतं.

मुलांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "तो खाली का नाही गेला?" मोठी माणसं इथं गडबडतात आणि "अरे, दोघंही आता आनंदात आहेत ना" असं म्हणून विषय मिटवतात. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. रोबोटला डॉग अजून हवा आहे, म्हणून तर त्यानं गाणं लावलं. आणि त्याला रास्कलही हवा आहे, ज्यानं त्याला तुकड्यांतून उभं केलं. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. मी मुलांना उलट विचारते, "तू गेला असतास का?" बहुतेक हात वर करतात. मग कुणीतरी विचारतं, "मग रास्कलचं काय?" आणि तिथून पुढं मला बोलावंच लागत नाही. एकदा एका मुलाला शेवटाचं काही पडलंच नव्हतं. त्याचं म्हणणं एवढंच, की डॉगनं पहिल्याच दिवशी तेल नेलं असतं तर? त्यालाही बोलू द्यायचं. आपल्या हातून काय राहून गेलं हे शोधत बसणं हाही माणूस दूर गेल्यावरचाच एक भाग आहे, आणि मुलांना तो आपल्याइतकाच कळतो.

बोलायला न आवडणाऱ्या मुलांसाठी कागद ठेवा. "सुखी शेवट काढा" असं सांगू नका, मुलं आपल्याला खूश करायला लग्नाचा फोटो काढावा तसे सगळ्यांना एका रांगेत उभे करतात. त्याऐवजी मोठा ड्रॉइंग पेपर उभा दुमडायचा. डाव्या अर्ध्यात डॉगचे महिने, उजव्या अर्ध्यात रोबोटचे, सप्टेंबरपासून जूनपर्यंत, वरून खाली. डॉगच्या बाजूला बर्फ, बदकाची झालेली आणि गेलेली मैत्री, कुंपण. रोबोटच्या बाजूला वाळू, बर्फ, त्याच्या आडोशाला घरटं करणारी पक्षीण आणि तिची पिल्लं. काढताकाढता मुलांच्या लक्षात येतं, की वेगळे असताना दोघांच्याही बाजूला काहीतरी घडतच होतं. खडूच वापरा, जलरंग वाळेपर्यंत मुलं उठून जातात.

तुमच्या मुलाचा जिवलग मित्र नुकताच गाव सोडून गेला असेल, वडिलांच्या बदलीमुळं किंवा आणखी कशामुळं, तर आधी जरा थांबा. पहिल्या आठवड्यात हा सिनेमा नको. त्या वेळी मुलाला फोन लावून द्यावा, पत्ता घेऊन द्यावा, जमलं तर बसनं नेऊन भेटवून आणावं. दोन-तीन महिन्यांनी, फोन आपोआप कमी झालेले असतात आणि नव्या मित्राबरोबर हसताना मूल मधेच गप्प होतं, तेव्हा हा सिनेमा कामाला येतो. नवा मित्र केला म्हणजे जुन्याशी बेइमानी केली, असं मुलांना मनातून वाटत असतं. ते ती कधी सांगत नाहीत. तुम्ही त्या मित्राचं नावही काढू नका, नुसता सिनेमा दाखवा. मग तुमच्याही लहानपणीच्या एखाद्या मैत्रिणीचं, जिचा आता पत्ता नाही, नाव-गाव सांगा, ती काय खोड्या करायची ते सांगा. माझ्या तशा मैत्रिणीबद्दल ऐकून एका मुलानं दुसऱ्या दिवशी आपल्या मित्राबद्दल इतकं सांगितलं, की त्याच्या आईलाही त्यातलं बरंचसं माहीत नव्हतं.

मुलं दुसऱ्यांदा पाहायचा हट्ट धरतात, तेव्हा मात्र पुढच्या रांगेत त्यांच्याबरोबर बसा आणि हवं तितकं बोला. हवं तिथं थांबवा. आता गोष्ट माहीत आहे, तर मागची गर्दी पाहायची: मेट्रोत बादल्यांवर ताल धरणारा ऑक्टोपस, खिडक्या-खिडक्यांतले शेजारी, क्षितिजावरचे ते दोन उंच टॉवर, जे २००१मध्ये पडले. रेषा साध्या आहेत, रंग सपाट आहेत, सावल्या फार कमी, तरी ऊन कुठून येतंय ते कळतं. ज्याला चित्र काढायची आवड आहे त्या मुलाच्या हातात वही द्या आणि डॉगच्या कानांच्या तीन अवस्था काढायला सांगा: जाहिरात पाहतानाचे, समुद्रावरचे, आणि गाणं ऐकू आल्यावरचे.